एक शिकंजा कमी

१

डोळ्यांच्या डॉक्टरांनी घातलेल्या थेंबांमुळे समोरचं सगळं धुरकट दिसत होतं, म्हणून धाकटीने वर्कशॉपच्या दारातूनच आधी हाक मारली. उत्तर आलं नाही. आत नेहमीसारखा लाकडाचा आणि सरसाचा वास होता. टेबलावर गिटार शिकंज्यांमध्ये आवळून ठेवलेली होती. नवरा कुठे दिसेना. ती कामाच्या टेबलाला वळसा घालून खिडकीकडच्या बाजूला गेली, तेव्हा तिचा पाय त्याच्या हाताला लागला.

हात गार पडला होता.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. बोलणं गेलं असणार, उजवी बाजू गेली असणार. पोलिसांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि ते निघून गेले. धाकटीला मात्र ते पटेना. कारण डॉक्टरांनीच आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची पेरं सोलवटली होती.

"कुणाशी तरी झटापट झाली, ताई," ती आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाली. "आजारी माणसाची बोटं अशी सोलवटतात होय?"

थोरली बहीण पोलीस खात्यात गुन्ह्यांच्या तपासावर नोकरी करून निवृत्त झाली होती. धाकटीची मुलगी तिला मावशी म्हणे, आणि ऐकून ऐकून वर्कशॉपमध्ये येणारे-जाणारे सगळेच मावशी म्हणू लागले होते. मावशीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात शिरून प्रश्न विचारले होते. बहिणीच्या घरात ते विचारायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"कुणावर संशय आहे तुझा?"

"भागीदारावर. दुसरा कोण? त्या दिवशी सकाळीच दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. किल्ली त्याच्याकडे आहे. आणि दुपारी कुठे होता विचारलं तर म्हणतो, घरी झोपलो होतो. त्याची बायको माझ्यासमोर म्हणाली, 'घरी? तुम्ही तर बाहेर गेला होता!' असा पांढराफटक पडला तो!"

"आणि तुझी लेक काय म्हणते?"

धाकटीच्या चेहऱ्यावरचं रडू एकदम आटलं. "ती आली, कोपऱ्यात उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. बाप मेला तरी तिच्या डोळ्यांत टिपूस नाही."

मग तिने ओढणीच्या टोकात गुंडाळलेली वस्तू काढून मावशीसमोर ठेवली. लाकडाच्या दोन जाड चकत्या, मधून आरपार स्क्रू. गिटार चिकटवताना कडेला लावायचा शिकंजा.

"हा त्यांच्या अंगाखाली सापडला. मुठीत धरूनच पडले असावेत."

मावशीने तो हातात घेऊन फिरवला आणि म्हणाली, "वर्कशॉप उघड. आणि भागीदाराला बोलाव."

२

भागीदार आला तो दारातच उभा राहिला. धाकटीने त्याला इतके दिवस आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पॉलिश चढवणारे हात, पण नखं कुरतडून रक्त आलेलं.

"आत या," मावशी म्हणाली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. समजेल असं सांगा. तो नेमकं काय करत होता?"

टेबलावर ती गिटार तशीच होती. साधी सपाट गिटार नव्हे. हिची तबली, म्हणजे पुढचा लाकडी पडदा, व्हायोलिनसारखा मधे फुगीर होता. जाड फळीतून पटाशीने आणि बोटभर रंध्यांनी कोरत, बोटांनी टकटक करून आवाज ऐकत, लाकूड पातळ करत न्यायचं. थोडं जास्त गेलं की फळी जळणात. एका तबलीत ऋतू पालटून जायचा.

"तबली तयार झाली की कडेला गरम सरस लावायचा," भागीदार सांगू लागला. बोलताना त्याचा हात आपोआप गिटारच्या कडेवरून फिरला. "वर तबली ठेवायची, आणि शिकंजे आवळत सुटायचं. सरस गार पडायच्या आत. त्या वेळी घराला आग लागली तरी तो हलायचा नाही. कुणी आत आलं तर शिव्या. आम्ही सगळे बाहेर थांबायचो."

"शिकंजे किती लागतात?"

"कडेभोवती बसतात तेवढेच. त्याने स्वतः बनवले होते. एक जास्त नाही."

"मग हा कुठला?" मावशीने धाकटीने दिलेला शिकंजा पुढे केला.

भागीदार थबकला. त्याने गिटारकडे पाहिलं. मावशी आधीच पाहत होती. लाकडी चकत्यांची रांग कडेभोवती सलग फिरत गेली होती, कुठेही खंड नव्हता. फक्त खांद्यापाशी, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, एका ठिकाणी लाकडी शिकंज्याऐवजी भिंतीवरचा लोखंडी शिकंजा लावलेला होता.

"तो शिकंजा मुठीत घेऊन पडला," मावशी सावकाश म्हणाली. "म्हणजे तिथली जागा उघडी असताना पडला. पडल्यावर उजवं अंग लुळं. मग ती जागा बंद कुणी केली?"

धाकटी गिटारच्या जवळ आली.

"आणि बघा, तिथून बाहेर आलेला सरस बाकीच्या सारखाच पातळ आहे, पुसलाही आहे. गार झाल्यावर आवळलं असतं तर?"

"तर गोळे आले असते," भागीदार पुटपुटला.

"म्हणजे तो पडल्यावर थोड्याच वेळात कुणीतरी इथे उभं होतं. ज्याला हे काम येतं असं."

लोखंडी शिकंज्याचा दात लाकडात रुतू नये म्हणून त्याखाली काहीतरी दाबून ठेवलं होतं. मावशीने वाकून पाहिलं. करड्या रबराचा चौकोनी तुकडा होता.

"तुम्ही असं रबर वापरता?"

तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत भागीदार म्हणाला, "हो. माझंच आहे ते."

३

"कबूलच केलं त्याने!" धाकटी म्हणाली. "आता तरी पोलिसांना बोलाव. त्यांना तडफडत टाकून हा शिकंजे आवळत बसला. गिटार वाचवली. माणूस नाही वाचवला."

भागीदार खाली मान घालून निघून गेला होता. त्या दुपारी कुठे होतात, या प्रश्नाला त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता.

"इथे लोखंडी शिकंज्याखाली काय ठेवायचे?" मावशीने विचारलं. "तू इतकी वर्षं त्यांच्या मदतीला होतीस ना?"

"हे बुचाचा तुकडा ठेवायचे. भागीदार लाकडाची चिपटी." आणि धाकटी बोलता बोलता थांबली. "रबर कधी पाहिलं नाही मी इथे."

"मीही तोच विचार करतेय. माणूस गुन्हा कबूल करायला इतकी घाई करत नाही. घाई करतो तो काहीतरी झाकायला."

त्या संध्याकाळी ज्याच्यासाठी गिटार घडत होती तो वादक आला. उंच, वाकलेला, बोटांत सांधेदुखी शिरलेली. हॉटेलांमध्ये, लग्नांमध्ये, रिकाम्या सभागृहांमध्ये जॅझ वाजवत त्याची उमर गेली होती. बोटं अजून वळतात तोवर चांगल्या वाद्यावर एकदा वाजवायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"मी आलो होतो त्या दुपारी," तो आपणहून म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही. सांगू की नको, जीव नुसता टांगणीला लागला होता."

मावशीने खुर्ची पुढे सरकवली. "कुठवर आलात?"

"दारापर्यंत. आतून शिकंज्याचा स्क्रू फिरल्याचा आवाज आला. करकर. मला कळलं, चिकटवायचं काम चाललंय. त्या वेळी आत गेलं तर तो मला पटाशी फेकून मारेल. एकदा मारलीही होती." तो हसायला गेला आणि त्याला हसू जमलं नाही. "तसाच मागे फिरलो."

"दार ठोठावलंत?"

"छे! मुळीच नाही. पाय न वाजवता गेलो."

"दुसरं कुणी दारात होतं? रस्त्यावर?"

"चिटपाखरूही नव्हतं. पार कोपऱ्यावर पोचेपर्यंत मी मागे वळून वळून बघत होतो. वाटत होतं, हाक मारेल." त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं, "तो आत जिवंत होता का हो तेव्हा?"

मावशी उठली, लोखंडी शिकंज्याखालून काढलेला रबराचा तुकडा खिशात टाकला आणि म्हणाली, "उद्या मला त्या फॅक्टरीत जायचंय."

धाकटीने चमकून पाहिलं. "कुठल्या?"

"जिथे तुझी लेक काम करते."

४

फॅक्टरीत गिटारच्या तबल्या यंत्र कोरत होतं. काचेमागे एक पोलादी हात फळीवरून फिरे, आणि ऋतूभराचं काम माणसाच्या जेवणाच्या सुट्टीत उरकून जाई. याच यंत्रावरून बाप-लेकीचं फाटलं होतं. बापाने तिला हाताला धरून सगळं शिकवलं. तिने एक दिवस सांगितलं की मला पगार हवा, सुट्टी हवी, आणि पाठ मोडून घ्यायची नाही. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. दोघंही सारखीच हट्टी.

सुपरवायझर भला माणूस होता. "तुमचा भागीदार? हो, आला होता त्या दुपारी. काम आहे का म्हणून विचारायला. फार लाजत होता बिचारा. म्हणाला, तिथे आता निभत नाही, पण मित्राला कळू देऊ नका. जेवणाच्या सुट्टीनंतर आला तो काम सुटल्याचा भोंगा होईपर्यंत त्या बाकावरच बसून होता."

म्हणजे भागीदार वर्कशॉपमध्ये नव्हताच.

"कुणाची वाट बघत होता?"

"मित्राच्या मुलीची. म्हणाला, ती शब्द टाकेल माझ्यासाठी. पण ती अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेली होती, हे मला मागाहून समजलं."

मावशीने मान हलवली. ती पुढे चालू लागली. चिकटवायच्या टेबलांच्या रांगेत प्रत्येक कामगारापाशी एक प्लास्टिकचा डबा होता. डब्यात करड्या रबराचे चौकोनी तुकडे होते. लोकांच्या एप्रनच्या खिशांतूनही तेच तुकडे डोकावत होते.

रांगेच्या टोकाला भाची उभी होती. तिने मावशीला पाहिलं. मावशीच्या तळहातावरचं रबर पाहिलं. हातातला शिकंजा तिने अलगद खाली ठेवला, जणू त्याचा आवाज झाला तर काहीतरी फुटेल.

"चल," ती म्हणाली. "मी वाटच बघत होते कुणी येतंय का."

५

फॅक्टरीमागे रिकाम्या पेट्यांचा ढीग होता. भाची एका पेटीवर बसली.

"मी भांडण मिटवायला गेले होते. आई घरी नसेल तेव्हा जायचं ठरवलं. आईसमोर आमचं दोघांचं जास्तच पेटतं. मागच्या दाराने गेले. ते काम करत असले की मागचं दार उघडंच असतं."

"आणि?"

"ते नव्हते, मावशी. म्हणजे मला दिसले नाहीत. टेबलावर गिटार, तबली ठेवलेली, अर्धे शिकंजे लावलेले, शेगडीवर सरस वाफाळतोय. मला वाटलं, गरम फडकं आणायला घरात गेले असतील. दारात उभी राहिले. येतील, ओरडतील, मग बोलू. ते येईनात. आणि सरस गार होत होता."

ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

"हात आपोआप चालायला लागले. टेबलावरचे शिकंजे एकेक करून लावले. एक कमी पडला. टेबलावर शोधला, मिळाला नाही. मग भिंतीवरचा लोखंडी काढला, अंगावर तसाच राहिलेल्या एप्रनमधलं रबर खाली दिलं. सरस पुसला. शेगडी बंद केली. मनात म्हटलं, ते येऊन बघतील तेव्हा त्यांना बरोबर कळेल कोण येऊन गेलं. रात्री फोन करतील. निदान शिव्या द्यायला तरी." ती पेटीची कड नखाने खरवडू लागली. "फोन आला तो आईचा."

कामाचं टेबल म्हणजे खणांचं जाडजूड कपाट होतं, छातीपर्यंत उंच. त्याच्या अलीकडे ती उभी होती. पलीकडे, खिडकीच्या बाजूला, बाप पडला होता.

"एक शिकंजा कमी होता," ती पुन्हा म्हणाली. "तो शोधायला मी पलीकडे का नाही गेले? सांग ना. दोन पावलं होती."

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ दगडासारखी ताठ होती.

"थांबून वाट का नाही पाहिलीस?"

"पाहणार होते. पण दार वाजलं. टक टक. थोड्या वेळाने परत एकदा. मला वाटलं पुढच्या दारात कुणी आलंय. मला तिथे कुणी बघायला नको होतं, त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाला भेटायला नको होतं. म्हणून मागच्या दाराने पळाले. कोण होतं ग ते, मावशी?"

मावशीला वादकाचं बोलणं आठवलं.

पुढच्या दारात कुणीही ठोठावलं नव्हतं. वादक पाय न वाजवता गेला होता, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सोलवटलेली पेरं झटापटीत सोलवटली नव्हती. वाचा गेलेला, एक अंग गेलेला माणूस डाव्या हाताने टेबलाच्या लाकडी पाठीवर ठोकत होता. लेक अलीकडे उभी असताना.

इतकी वर्षं मावशीने लोकांच्या तोंडून खरं काढलं होतं. त्या क्षणी ती खोटं बोलली, आणि पापणीही लवली नाही.

"वादक होता," ती म्हणाली. "त्याने सांगितलंय मला. दोनदा ठोठावलं आणि गेला."

६

घरी जाण्याआधी मावशीने वादकाला फोन लावला. "तुम्ही त्या दुपारी दार ठोठावलंत. दोनदा. कुणीही विचारलं तरी."

तो म्हणाला, "ठोठावलं होतं. दोनदा." का, ते त्याने विचारलं नाही.

भागीदाराला तिने वाटेतच गाठलं. तो काही ऐकूनच घेईना. "माझंच रबर होतं म्हटलं ना! विषय संपला."

"फॅक्टरीत जाऊन आले मी."

तो पायरीवर बसला. "माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय ती पोर," तो म्हणाला. "रबर बघितलं आणि कळलं. तिने काय केलं, का केलं, मला माहीत नव्हतं. आईने तिला खुनी म्हणण्यापेक्षा मला म्हणावं, एवढंच सुचलं. तसंही मी मित्राला सोडून चाललोच होतो. सकाळी त्यावरूनच भांडलो."

"मग आता चला. तिचं तीच सांगणार आहे."

धाकटीने सगळं ऐकलं. लेक बोलत होती, मधेच थांबत होती, परत बोलत होती. भागीदार दाराशी उभा राहून डोळे पुसत होता. मावशी मनातल्या मनात प्रत्येक शब्दावर नजर ठेवून होती. दार वाजल्याचं लेकीने सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाली, "वादक होता." आणि धाकटीने मान डोलावली.

डॉक्टर लवकर आले असते तर? धाकटीने विचारलं नाही. मावशीने डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "कदाचित." हाही शब्द तिने स्वतःपाशीच ठेवला.

धाकटी रडली नाही, ओरडलीही नाही. उठली, वर्कशॉपची किल्ली घेतली. सगळे तिच्या मागोमाग गेले. ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि खाली बसली. मग जिथे तिला नवरा सापडला होता तिथेच, तशीच, फरशीला गाल टेकून आडवी झाली.

"हे काय करतेस?" मावशी धावली. "ऊठ आधी."

"तू लांब हो, ताई." खालून तिचा आवाज घुमून आला. "ए बाई, तू बाहेर जा आणि मागच्या दाराने आत ये. त्या दिवशी आलीस तशी."

"आई, नको ना."

"ये म्हणते ना."

लेक ओठ दाताखाली दाबून बाहेर गेली. दार करकरलं. ती आत आली, टेबलापाशी येऊन उभी राहिली. टेबलाच्या उंचीवरून लेकीला पलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त खिडकी आणि भिंतीवरच्या पटाश्या.

"तुझे पाय दिसतात," धाकटी म्हणाली.

कपाट बुटक्या ठोकळ्यांवर उभं होतं. फरशी आणि तळाची फळी यांच्यामध्ये वीतभर फट होती.

"डावा पाय आत वळवून उभी राहतेस. लहानपणापासून. इथून बरोबर दिसतंय." तिने तळहात फरशीवर टेकला. "त्यांनी बघितलं तुला. त्यांना कळलं, तू आलीस."

लेकीच्या घशातून जो आवाज निघाला तो भागीदाराला सहन झाला नाही. तो बाहेर निघून गेला. मावशी जागेवरून हलली नाही. ते पाय मागच्या दाराकडे वळताना, लांब जातानाही इथूनच दिसले असणार, हे तिला कळत होतं. फरशीवर पडलेल्या बहिणीला ते कळलं होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं, आणि मावशीने तो चेहरा वाचायचा प्रयत्नही केला नाही.

"रागावले असतील?" लेकीने विचारलं. "मी त्यांच्या कामाला हात लावला म्हणून?"

"मला काय माहीत, बाळा. मला खरंच माहीत नाही."

दोघी तशाच राहिल्या, एक टेबलाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. मग धाकटीने उठायचा प्रयत्न केला. कोपरावर भार दिला, हात घसरला, ती पुन्हा खाली पडली. मावशी पुढे झाली, पण धाकटीने मान हलवून तिला थांबवलं.

"मला उठता येत नाहीये," ती खालूनच म्हणाली. "ये ग इकडे. मला उठव."

लेकीने टेबलाची कड घट्ट धरली. मग ती सोडली आणि टेबलाला वळसा घालून ती पलीकडे गेली.